एकच ऑर्डर पाच ठिकाणी लिहिणे थांबवताना: छोट्या व्यवसायातील अ‍ॅप एकमेकांना जोडण्याची पद्धत

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात मे महिन्यात अर्धा दिवस बसले, तर एकच माहिती किती वेळा लिहिली जाते हे बोटांवर मोजता येते. शाळेचा किंवा बाहेरगावच्या दुकानदाराचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तो वाचून कोणीतरी वहीत उतरवतो. वहीवरून संध्याकाळी एक्सेलमध्ये भरले जाते. कटिंग मास्तरांसाठी त्यातलेच आकडे चिठ्ठीवर लिहून दिले जातात. आणि माल निघताना बिल करणारा पुन्हा व्हॉट्सअ‍ॅप उघडून मूळ निरोप शोधत बसतो. ३४ नंबरच्या शर्टांची संख्या या पाचही ठिकाणी सारखीच असेल, याची हमी कोणी देत नाही. माझ्या आत्तेभावाच्या अशाच कारखान्याचा हिशेब मी पाहतो आणि पुढे सांगितलेली जोडणी तिथेच, चुका करत करत, उभी राहिली आहे. उदाहरण गणवेशाचे असले तरी चादर-टॉवेलचे दुकान, डाळिंबाचा अडत्या, शिकवणी वर्ग किंवा लहान दवाखाना यांनाही पायऱ्या त्याच लागू पडतात. रकान्यांची नावे तेवढी बदलतील.

यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. गूगलचे एक खाते, टेलिग्राम, एका अ‍ॅपमधली नोंद आपोआप दुसऱ्या अ‍ॅपकडे नेणारे जोडणीचे एखादे साधन आणि दोन निवांत दुपारी एवढे पुरते. निवांत हा शब्द मुद्दाम वापरला आहे. विदर्भ सोडला तर महाराष्ट्रातील शाळा साधारणपणे जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये गणवेशवाल्याला जेवायला वेळ नसतो. त्या धामधुमीत नवी पद्धत सुरू केली तर पहिल्याच अडचणीला सगळे जण वहीकडे परत जातात. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, गर्दी असते आणि कारखान्यात तुलनेने शांतता असते. हे काम हाती घ्यायला तोच काळ चांगला.

आधी कागद

संगणक उघडण्यापूर्वी ऑर्डरचा प्रवास एका कागदावर लिहून काढावा. निरोप कोणाकडे येतो, तो पुढे कोणाला सांगतो, कोणत्या वहीत काय लिहिले जाते आणि माल निघाल्याचे कोणाला कळवावे लागते, हे सगळे त्यात यावे. मालकाला विचारून हे लिहू नये. मालक पद्धत कशी असायला हवी ते सांगतो. ती प्रत्यक्षात कशी आहे हे पॅकिंगच्या टेबलापाशी उभे राहिल्यावरच कळते. आमच्याकडे असे लिहून काढल्यावर लक्षात आले की काज-बटणाचे काम बाहेर जाते तेव्हा त्याची नोंद कुठेच होत नव्हती आणि जून महिन्यातली निम्मी भांडणे तिथूनच उगवत होती. तो प्रश्न एक रकाना वाढवून सुटला, त्यासाठी कोणतेही साधन लागले नाही.

कागदावरच्या प्रत्येक टप्प्यापुढे ‘जेव्हा अमुक होते, तेव्हा तमुक करायचे’ असे वाक्य लिहून पाहावे. ‘जेव्हा नवीन ऑर्डर नोंदली जाते, तेव्हा कटिंगच्या गटावर संदेश पाठवायचा’ हे वाक्य विनाअट पूर्ण होते, म्हणून ते यंत्राला सोपवता येते. ‘जेव्हा जुनी बाकी असलेले गिऱ्हाईक ऑर्डर देते, तेव्हा माणूस बघून ठरवायचे’ हे वाक्य यंत्राला देऊ नये. उधारी, दरातली सूट, तक्रारीला उत्तर आणि नाही म्हणणे ही कामे माणसाकडेच राहिलेली बरी.

चार शब्द, जे पुढे सतत लागतील

ज्या घटनेमुळे काम सुरू होते तिला ट्रिगर म्हणतात आणि त्यानंतर आपोआप होणाऱ्या कामाला अ‍ॅक्शन. मध्ये एखादी अट घातली, उदाहरणार्थ ‘संख्या ५०० पेक्षा जास्त असेल तरच’, तर तो फिल्टर. चौथी गोष्ट शब्दापेक्षा समजुतीची आहे. जोडणीचे साधन नवी नोंद आली का हे दर काही मिनिटांनी जाऊन पाहून येते, त्याला पोलिंग म्हणतात. याउलट वेबहूकमध्ये नोंद होताच मूळ सेवाच साधनाला कळवते. पोस्टमन आला का हे दर तासाला दारात जाऊन बघणे आणि त्याने कडी वाजवणे, एवढाच तो फरक. पैशांचा हिशेब मात्र याच फरकावर फिरतो, हे पुढे दिसेल.

कोणते साधन घ्यावे

आयएफटीटीटी हे जुने आणि सर्वांत सोपे साधन घरगुती कामांसाठी ठीक आहे. फुकट योजनेत दोनच जोडण्या मिळतात. २०११ साली अमेरिकेत सुरू झालेल्या झॅपिअरकडे जोडता येणाऱ्या सेवांची यादी फार मोठी आहे आणि मांडणी सरळ आहे, पण फुकट योजनेत महिन्याला १०० कामे आणि प्रत्येक जोडणीत दोनच टप्पे मिळतात. प्रागमध्ये इंटिग्रोमॅट या नावाने वाढलेले आणि २०२२ मध्ये मेक हे नाव घेतलेले साधन जोडणी गोल चित्रांच्या साखळीसारखी दाखवते. त्याच्या फुकट योजनेत महिन्याला १,००० एकके (एक तपासणी किंवा एक संदेश म्हणजे एक एकक) आणि एकाच वेळी दोन चालू जोडण्या मिळतात. कार्यालयात मायक्रोसॉफ्टची सशुल्क योजना आधीपासून असेल, तर पॉवर ऑटोमेट पाहावे. एनएटएन हे साधन स्वतःच्या संगणकावर बसवता येते, परंतु दुकानातल्या जुन्या संगणकावर बसवले तर वीज गेली की तेही बंद, त्यामुळे सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये. या कंपन्या आपल्या मर्यादा आणि दर वरचेवर बदलतात, म्हणून खाते उघडण्याच्या दिवशी त्यांचे दरपत्रक स्वतः वाचावे.

या यादीआधी खरे तर एक प्रश्न विचारायला हवा: वापरत असलेल्या अ‍ॅपमध्येच ही सोय आहे का? गूगल फॉर्ममध्ये ‘रिस्पॉन्सेस’ या भागात तीन टिंबांच्या यादीत नव्या उत्तराची ईमेल सूचना चालू करता येते. जीमेलमध्ये फिल्टर लावून ठरावीक ग्राहकांचे ईमेल आपोआप वेगळ्या लेबलखाली नेता येतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये स्वागत संदेश, दुकान बंद असतानाचा संदेश आणि तयार उत्तरे आहेत. यातल्या कशासाठीही तिसऱ्या कंपनीला आपल्या खात्याची किल्ली द्यावी लागत नाही. ज्यांचे काम एवढ्यावर भागते, त्यांनी इथेच थांबावे.

पहिली पायरी: फॉर्म

ग्राहकाने भरायचा किंवा फोनवर ऑर्डर घेणाऱ्या मुलाने भरायचा, फॉर्म एकच असावा. दोन मार्ग ठेवले की दोन याद्या होतात. त्यात शाळेचे किंवा दुकानाचे नाव, मोबाइल, कपड्याचा प्रकार, साइजप्रमाणे नग, माल हवा असलेली तारीख आणि ट्रान्सपोर्टचे नाव एवढेच विचारावे.

नेहमीच्या ग्राहकांची नावे टाइप करू देऊ नयेत, ती ड्रॉपडाउनमधून निवडायला लावावीत. एकाच शाळेचे नाव ‘विद्यालय’, ‘विद्या.’ आणि इंग्रजीत अशा तीन प्रकारांनी लिहिले गेले, तर यंत्राच्या दृष्टीने त्या तीन शाळा आहेत. मोबाइलच्या प्रश्नाला ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’ लावून उत्तर ६०००००००००  आणि ९९९९९९९९९९ या दोन संख्यांच्या दरम्यान असावे अशी अट घालावी. भारतातले मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणून चुकलेला किंवा अपुरा क्रमांक तिथेच अडतो. नगांच्या रकान्यालाही संख्येची अट हवी, नाहीतर कोणीतरी ‘दोन डझन’ असे लिहून मोकळा होतो. देवनागरी अंकांत लिहिलेले आकडे पुढे बेरजेत धरले न जाण्याचा धोका असतो, त्यामुळे या रकान्यात इंग्रजी अंकांचाच आग्रह धरावा. शाळेच्या बोधचिन्हाचे चित्र फॉर्ममधून मागवू नये. फाइल जोडण्याच्या प्रश्नासाठी भरणाऱ्याला गूगल खात्यात शिरावे लागते आणि निम्मे ग्राहक तिथूनच परत फिरतात.

एक बंधन आम्ही स्वतःवर घालून घेतले आहे. काही शाळा विद्यार्थ्यांची नावे आणि मापे यांची पूर्ण यादी पाठवतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षित आहे. शर्ट शिवायला मुलाचे नाव लागत नाही, ‘साइज ३०, नग ४२’ एवढे पुरते. म्हणून फॉर्ममध्ये नावांचा रकानाच नाही.

दुसरी पायरी: शीट

फॉर्म गूगल शीटला, म्हणजे एक्सेलसारख्या ऑनलाइन तक्त्याला, जोडला की उत्तरांचा एक टॅब आपोआप तयार होतो. या टॅबला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. त्यात मधली ओळ रिकामी करणे, क्रम बदलणे किंवा शेजारच्या रकान्यात सूत्र घालणे, यातून पुढची जोडणी गोंधळते. शिवाय फॉर्म प्रत्येक उत्तरासाठी नवी ओळ घालतो, त्यामुळे शेजारी खाली ओढून ठेवलेली सूत्रे त्या ओळीत येतच नाहीत. कामासाठी दुसरा टॅब करावा आणि तिथे सूत्राने माहिती ओढून घ्यावी.

मग फाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रदेश भारत आणि वेळ कोलकाता, म्हणजे जीएमटी अधिक साडेपाच, असे ठेवावे. प्रदेश अमेरिका राहिला, तर हाताने लिहिलेली ०५/०६ ही तारीख पाच जूनऐवजी सहा मे समजली जाते. जोडणीच्या साधनातही वेळेचा वेगळा विभाग निवडावा लागतो. दोन्हींकडे एकच वेळ हवी.

तिसरी पायरी: टेलिग्रामचा बॉट

कारखान्यातल्या सूचनांसाठी टेलिग्राम सुचवण्याचे कारण साधे आहे: त्याचा बॉट, म्हणजे माणसाऐवजी यंत्र चालवते असे खाते, तयार करणे फुकट असते आणि कोणाची परवानगी लागत नाही. टेलिग्रामवर निळी खूण असलेले ‘बॉटफादर’ हे खाते शोधून त्याला ‘न्यूबॉट’ हा आदेश द्यावा. तो नाव विचारतो, मग ‘बॉट’ या अक्षरांनी संपणारे वापरकर्तानाव विचारतो आणि शेवटी अक्षर-अंकांची एक लांब माळ देतो. ती टोकन. ज्याच्या हाती टोकन, त्याच्या हाती बॉट. म्हणून ते गटावर टाकू नये आणि त्याचा स्क्रीनशॉट कोणाला पाठवू नये.

आता ‘कटिंग’ नावाचा गट करून त्यात बॉटला घ्यावे. गटाचा अंतर्गत क्रमांक मिळवण्यासाठी गटात तिरक्या रेघेने सुरू होणारा एखादा आदेश टाकावा, कारण बॉटला गटातले साधे बोलणे सुरुवातीला दिसत नाही. मग ब्राउझरमध्ये ‘एपीआय डॉट टेलिग्राम डॉट ऑर्ग’ या पत्त्यापुढे तिरकी रेघ, ‘बॉट’ हा शब्द आणि त्याला लागूनच टोकन, पुन्हा तिरकी रेघ व ‘गेटअपडेट्स’ असे रोमन लिपीत लिहून पाहावे. येणाऱ्या मजकुरात चॅट या शब्दाजवळ उणे चिन्हाने सुरू होणारा आकडा असतो, तोच गटाचा क्रमांक. उणे चिन्हासकट तो उतरवून घ्यावा. पुढे गट मोठा करून सुपरग्रुप झाला तर हा क्रमांक बदलतो आणि संदेश अचानक बंद पडतात. हे माहीत नसेल तर माणूस दोन दिवस भलतीकडेच शोधत राहतो.

चौथी पायरी: जोडणी

मेकमध्ये नवा ‘सिनारिओ’, म्हणजे नवी जोडणी, उघडून पहिला भाग गूगल शीट्सचा निवडावा आणि त्यातले ‘वॉच न्यू रोज’ घ्यावे. गूगल खात्याची परवानगी दिल्यावर फाइल व टॅब निवडावे, पहिल्या ओळीत शीर्षके आहेत असे सांगावे आणि सुरुवात ‘आत्तापासून’ करावी. ‘सर्व’ निवडले तर वर्षभराच्या जुन्या ऑर्डरी मास्तरांच्या फोनवर धाडधाड कोसळतात. एका फेरीत किती ओळी घ्यायच्या ही मर्यादाही तिथेच असते. ती सुरुवातीला फार लहान असू शकते, म्हणून पाहून २० पर्यंत वाढवावी.

दुसरा भाग टेलिग्राम बॉटचा, त्यातले संदेश पाठवण्याचे काम. टोकन आणि गटाचा क्रमांक भरून मजकुराच्या चौकटीत शीटचे रकाने एकेक करून ओढायचे. संदेश वाचणाऱ्याचे हात कात्रीवर आणि कापडावर असतात, हे लक्षात ठेवून तो लिहावा. आमचा संदेश तीन ओळींचा आहे: ऑर्डर क्रमांक व शाळा, मग साइज आणि नग, मग तारीख. नमस्कार नाही, आभार नाहीत.

इथे सोलापूरचा म्हणून एक प्रश्न येतो. शिलाईच्या विभागात मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही भाषा चालतात आणि सगळ्यांना देवनागरी सहज वाचता येतेच असे नाही. गूगल शीटमध्ये भाषांतराचे सूत्र आहे आणि ते आम्ही मोठ्या उत्साहाने लावूनही पाहिले. परंतु धंद्यातले शब्द त्याच्या हाती सुरक्षित राहत नाहीत. त्याऐवजी वेगळ्या टॅबमध्ये कपड्यांच्या प्रकारांची तीन भाषांतली यादी केली. ती कारागिरांकडूनच लिहून घेतली आणि व्हीलुकअप सूत्राने योग्य शब्द उचलला. पंचवीसेक शब्दांची यादी पुरते, कारण बाकी सगळे आकडे असतात.

जोडणी पूर्ण झाल्यावर लगेच चालू करू नये. ‘रन वन्स’ दाबून एक खोटी ऑर्डर टाकावी, मग मुद्दाम वाकडी ऑर्डर टाकावी: एखादा रकाना रिकामा, नावात अवतरणचिन्ह, नग शून्य. संदेश कसा दिसतो ते फोनवर पाहावे. संगणकाच्या पडद्यावर नेटका दिसणारा मजकूर साध्या फोनवर तुटक दिसू शकतो.

पाचवी पायरी: फेऱ्यांचा हिशेब

मेकच्या फुकट योजनेत कमीत कमी दर १५ मिनिटांनी तपासणी लावता येते आणि नवखा माणूस हटकून तेच लावतो. आता गणित करू. तासाला ४ म्हणजे दिवसाला ९६ आणि ३० दिवसांत २,८८० फेऱ्या. नवी ओळ सापडली नाही तरी प्रत्येक फेरीला एक एकक खर्ची पडते, म्हणजे १,००० एककांची फुकट मर्यादा अकराव्या दिवशीच संपते, आणि तेही एकही ऑर्डर न येता. वेळापत्रकात सकाळी १० ते रात्री ८ दर तासाला एक अशा ११ फेऱ्या ठेवल्या तर महिन्याला ३३० लागतात. २०० ऑर्डरींचे २०० संदेश धरले तरी बेरीज ५३० होते. ऑर्डर आल्यावर तासाभराने कटिंगला कळले म्हणून काहीही बिघडत नाही. आपल्याला किती घाई आहे हे प्रामाणिकपणे ठरवले, तर बहुतेक छोट्या व्यवसायांना पैसे भरावे लागत नाहीत.

झॅपिअरचा हिशेब वेगळा आहे. तिथे तपासणीच्या फेऱ्या मोजल्या जात नाहीत, यशस्वी झालेली कामेच मोजली जातात. म्हणून ज्यांच्याकडे महिन्याला ६०-७० नोंदी होतात, त्यांना झॅपिअरच्या १०० कामांत आरामात बसता येते.

तिसरा मार्ग गूगलच्याच अ‍ॅप्स स्क्रिप्टचा. शीटच्या ‘एक्स्टेन्शन्स’ या यादीतून तो उघडतो, फॉर्म भरताच त्याच क्षणी चालतो आणि वेगळे पैसे मागत नाही. साध्या खात्यावरून दिवसाला १०० जणांना ईमेल पाठवण्याची मर्यादा तेवढी असते. मात्र त्यात थोडा प्रोग्राम लिहावा लागतो. घरात शिकणारे कोणी असेल तर त्याच्यासाठी हा चांगला अभ्यास आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचे काय

प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून थोडे सविस्तर. साध्या व्हॉट्सअ‍ॅप किंवा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपला बाहेरून आपोआप संदेश पाठवायला लावणारी, क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारी साधने बाजारात पुष्कळ आहेत. ती कंपनीच्या नियमांत बसत नाहीत आणि त्यामुळे क्रमांक कायमचा बंद होऊ शकतो. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर आणि पिशव्यांवर जो क्रमांक वर्षानुवर्षे छापला आहे, तो अशा कामासाठी पणाला लावू नये. अधिकृत मार्ग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस प्लॅटफॉर्मचा आहे. ग्राहकाने संदेश पाठवल्यापासून २४ तासांपर्यंत त्याला मोकळेपणाने उत्तर देता येते. त्यानंतर किंवा आपण होऊन लिहायचे असेल तर आधी मंजूर करून घेतलेला साचाच वापरावा लागतो आणि त्याचे पैसे पडतात. रोज शेकडो ग्राहकांना कळवणाऱ्यांना तो परवडतो.

आम्ही मधला रस्ता धरला. ‘डब्ल्यूए डॉट एमई’ या पत्त्यापुढे ९१ आणि ग्राहकाचा क्रमांक, अधिक चिन्ह किंवा शून्य न लावता लिहिला, तर त्या ग्राहकाची खिडकी थेट उघडते. पुढे प्रश्नचिन्ह, ‘टेक्स्ट’ हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि मजकूर जोडला तर तो आधीच लिहिलेला दिसतो. कामाच्या टॅबमध्ये हायपरलिंक सूत्राने प्रत्येक ऑर्डरपुढे असा दुवा तयार केला आहे. मराठी मजकूर पत्त्यात बसवण्यासाठी त्याला एन्कोडयूआरएल या सूत्रातून जाऊ द्यावे लागते, नाहीतर दुवा अर्ध्यात तुटतो. पॅकिंग झाले की मुलगा दुव्यावर बोट ठेवतो, ‘आपला माल आज ट्रान्सपोर्टला दिला, बिल्टी क्रमांक अमुक’ हा मजकूर नजरेखालून घालतो आणि स्वतः पाठवतो. यात आपोआप काही जात नाही, पण टाइप करणे पूर्ण थांबले आहे आणि चुकीच्या माणसाला गेलेला संदेश अजून एकही नाही.

बँकेचे एसएमएस वाचून जमा झालेल्या यूपीआय रकमा आपोआप नोंदवणारी जोडणी करावी असे बऱ्याच जणांना वाटते. करू नये. एसएमएस वाचायची परवानगी मिळालेले अ‍ॅप जमा रकमेबरोबर ओटीपीही वाचते. दिवसाअखेर बँकेचे विवरण उतरवून शीटशी ताडून पाहायला फार वेळ लागत नाही.

फेऱ्यात अडकलेली जोडणी

माझी सर्वांत महागडी चूक इथे नोंदवतो. संदेश गेल्यावर त्याच ओळीत ‘कळवले’ असे लिहिले जावे म्हणून मी आणखी एक टप्पा जोडला आणि ट्रिगर म्हणून ‘ओळ नवी आली किंवा बदलली’ हा, बदल होताच लगेच चालणारा पर्याय ठेवला. पहिली ऑर्डर आली, संदेश गेला, ओळीत ‘कळवले’ लिहिले गेले. म्हणजे ओळ बदलली. म्हणून पुन्हा संदेश गेला आणि पुन्हा ‘कळवले’ लिहिले गेले. जेवून परत येईपर्यंत महिन्याची सगळी मर्यादा संपली होती आणि मास्तरांनी फोन बंद करून खिशात ठेवला होता. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. जोडणी ज्या टॅबवर नजर ठेवते, त्याच टॅबमध्ये तिला लिहू देत नाही. आणि अगदीच लिहावे लागले, तर ट्रिगरनंतर लगेच फिल्टर घालतो: ‘कळवले’ हा रकाना रिकामा असेल तरच पुढे जा.

शांतता ओळखणे

जोडणी बंद पडली तर आरडाओरडा होत नाही, ही तिची खरी अडचण आहे. कारखान्यातले मशीन बंद पडले की आवाज थांबतो आणि सगळे वळून बघतात. जोडणी थांबली की फक्त संदेश येत नाहीत, आणि संदेश न येणे हे काम नसल्यासारखेच दिसते. एका फेब्रुवारीत मास्तरांनीच विचारले, “मालक, दोन दिवस झाले, ऑर्डरच नाही का?” ऑर्डरी होत्या. साधनाला गूगल खात्यात शिरण्यासाठी दिलेली परवानगी तुटली होती. साधनाने ईमेलने कळवलेही होते, पण जाहिरातींच्या ढिगात तो ईमेल कोणी पाहिला नाही. मेकमध्ये ओळीने काही वेळा चूक झाली की जोडणी आपली आपण बंद होते, हेही तेव्हाच कळले.

त्यावर केलेला उपाय या सगळ्या लेखातला मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुसरी छोटी जोडणी तयार केली. ती रोज संध्याकाळी साडेसात वाजता शीटमधून त्या दिवसाच्या ऑर्डरींची संख्या घेते आणि गटावर टाकते: ‘आज नोंदलेल्या ऑर्डरी: ७’. एकही ऑर्डर नसेल तर ‘आज नोंदलेल्या ऑर्डरी: ०’ असा संदेश येतोच. शून्य आले म्हणजे ऑर्डर नाही. काहीच आले नाही म्हणजे जोडणीत बिघाड. हा फरक आता कारखान्यातल्या प्रत्येकाला कळतो आणि साडेसातला संदेश दिसला नाही तर पावणेआठला मला फोन येतो. महिन्याला याचा खर्च साठ एककांच्या आसपास आहे. फुकट योजनेतल्या दोन जोडण्यांपैकी दुसरी यासाठी राखून ठेवावी, दुसऱ्या कोणत्याही आकर्षक कामाला देऊ नये. साधनाकडून येणाऱ्या बिघाडाच्या ईमेलसाठी जीमेलमध्ये फिल्टर लावून ते ‘महत्त्वाचे’ या लेबलखाली यावेत अशी व्यवस्थाही करावी.

पहिला महिनाभर वहीही चालू ठेवावी. रोज रात्री वहीतली आणि शीटमधली संख्या जुळवावी. सलग चार आठवडे जुळली, की वही बंद करण्याचा निर्णय मालकाला स्वतःलाच घेऊ द्यावा.

किल्ल्या कोणाकडे

जोडणीचे साधन आपल्या खात्यात शिरण्याची परवानगी मागते, तेव्हा पडद्यावर काय काय मागितले आहे ते वाचावे. शीट वाचण्यासाठी आलेले साधन सगळे ईमेल वाचण्याची आणि पुसण्याची मुभा मागत असेल, तर तिथेच थांबावे. व्यवसायासाठी वेगळे गूगल खाते काढून त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात कोणकोणत्या बाहेरच्या सेवांना प्रवेश दिला आहे याची यादी असते. दिवाळीला दुकान झाडतो तेव्हा तीही झाडून घ्यावी आणि वापरात नसलेल्या सेवांचा प्रवेश काढून टाकावा.

आमच्याकडे हे सगळे ज्या भाच्याने माझ्या बरोबरीने उभे केले, तो नोकरीसाठी पुण्याला गेला. जाण्यापूर्वी त्याच्याकडून एक पान लिहून घेतले: कोणते खाते, कोणती शीट, कोणता गट, कोणती जोडणी किती वाजता चालते, बंद पडली तर आधी काय बघायचे आणि तोवर ऑर्डर कुठे लिहायची. पासवर्ड त्या पानावर नाहीत, ते दादांकडे, म्हणजे माझ्या आत्तेभावाकडे, वेगळे आहेत. पान रोजमेळाच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवले आहे आणि शेवटच्या प्रश्नापुढे भाच्याने लिहिले आहे: ‘वहीत.’